तीन चाकं खाली, एक वर

बेबी, गाडी अंगणात तशीच उभी होती. तीन चाकं खाली, एक वर. डावीकडचं मागचं चाक काढून तू भिंतीला टेकवलंस, गाडीचा तो कोपरा लोखंडी घोडीवर चढवलास, स्प्रिंगच्या अडकलेल्या कडीवर गंज सोडवायचा फवारा मारलास आणि "जेवून येते, तवर मुरू दे" म्हणून आत गेलीस. मी माझ्या दारात सुकट निवडत होते. मी मानही वर केली नाही. रोज जेवायला जाणाऱ्या माणसाकडे कोण मान वर करून बघतं?

जेवलीस, चटईवर आडवी झालीस आणि उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच झालं, कळलंही नसेल. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील. पण तुझा चेहरा बघून मला ते पटलं.

प्रिया म्हणाली, पेपरात आईचा फोटो देऊ, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू. मी म्हटलं, फोटो दे, श्रद्धांजलीचं राहू दे. मला तिच्याशी जे बोलायचंय ते मी लिहीन. चौथीपर्यंत का होईना, शाळेत गेले आहे. तू तर माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलीस आणि त्याचा तोरा जन्मभर मिरवलास.

दहाव्याला मंडपवाला आला. अंगणाच्या मधोमध गाडी. म्हणाला, "मावशी, गाडी हटवा, खांब कुठे रोवू?" मी म्हटलं, "तीन चाकांची गाडी कशी हटवू? तू हटव." त्याने गाडीला फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि मंडप वाकडा बांधला. आलेली माणसं गाडीच्या भोवती बसली. कोणीतरी चहाचा ट्रे बोनेटवर ठेवला. तू असतीस तर त्याला ट्रेसकट गटारात घातलं असतंस. मी नुसता ट्रे उचलून दुसरीकडे ठेवला. माणसं कुजबुजली, बघा, एवढ्या दुःखात पण हिचं लक्ष कुठं आहे. माझं लक्ष जिथं असायला हवं तिथंच होतं.

बाया रडल्या. मी फार रडले नाही. सगळ्यांना वाटतं, जावा म्हणजे भांडणाऱ्याच. आपण भांडलोच की. एका घरात सुना म्हणून आलो, एका चुलीवर भांडलो, चुली वेगळ्या झाल्यावर एका अंगणात भांडलो. तुझा नवरा गेला, मग माझा गेला, तरी अंगणात भिंत घातली नाही. आपल्या खारी गावात चारी बाजूंनी इमारती उठल्या, बिल्डरची माणसं दोनदा येऊन गेली, तेव्हाही आपण दोघी या अंगणात एकमेकींवर तोंड टाकत उभ्या होतो. पण त्यांना नाही म्हणताना आवाज एकच निघाला.

तू गेल्यावर प्रियाने गाडीचा राग धरला. तुझी एकुलती एक मुलगी, ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारी, तिला हे कधी आवडलंच नव्हतं. म्हणाली, "मोठी आई, या वयात गाडीखाली झोपायची काय गरज होती तिला? त्या गाडीनेच घालवली." मी म्हटलं, "तुझी आई गाडीखाली गेली नाही. चटईवर गेली, पोटभर जेवून." ती माझ्यावर रागावून पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये आपल्या घरी निघून गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. काशीगावचं एक गिऱ्हाईक आहे, गाडी घ्यायला तयार आहे, पण चार चाकांवर उभी पाहिजे आणि सरळ पाहिजे. "तूच सांग मोठी आई, ते चौथं कसं करायचं? खाली की वर?"

तिला वाटलं ती गाडीचं विचारते आहे. तुझ्यामाझ्यात जो वाद अर्धा राहिला होता तोच तिने विचारला होता, तिच्या नकळत. चौथ्या चाकाची स्प्रिंगही खाली आणली तर गाडी माणसांची, मासळीचा धंदा बंद. खालची तिन्ही परत वर केली तर गाडी मालाची, धंदा चालू. पावसामुळे नावा अजून वर ओढलेल्या होत्या. नारळी पुनव जवळ आली होती. तेव्हा नावा परत दर्यात जाणार आणि त्याच्या आत मला ठरवायचं होतं, टोपली उचलायची की नाही.

हे उंची कमीजास्त करायचं सस्पेन्शन तुझ्या डोक्यात कसं शिरलं ते मला चांगलं आठवतं. गाडीच्या मागच्या दारातून आपण पूनम सागरला मासे विकायचो. बर्फाची खोकी, त्यात पापलेट, सुरमई, वरून बोंबलाच्या पाट्या. गाडी मागून एवढी बसायची की पहाटे पुढचे दिवे रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांवरच्या कावळ्यांच्या डोळ्यांत जायचे. खारीतल्या गतिरोधकावर पोट खर्रकन घासायचं. तू म्हणायचीस, "गेलं पोट." रोज म्हणायचीस. बर्फाचं पाणी मागे वाहत जाऊन दारातून गळायचं आणि मागचे स्कूटरवाले शिव्या घालायचे.

हायवेवरचा मेकॅनिक म्हणाला, स्प्रिंगा बसल्यात, नव्या टाकू, दोन दिवस गाडी ठेवून जा. तू म्हणालीस, "दोन दिवस मावरा काय डोक्यावरून न्यू?" मी म्हटलं, "जन्मभर मासळी डोक्यावरूनच नेली." ते तुला झोंबलं.

मग ते सुरमईवालं गिऱ्हाईक. चष्मा लावणारा, बायको बरोबर, आणि गाडी अशी बुटकी की रस्त्याला टेकली आहे असं वाटावं. तू सुरमईचे तुकडे करता करता विचारलंस, "काय रे, तुझी पन बसली काय?"

तो हसला. "नाही मावशी, मुद्दाम बसवलीय."

"मुद्दाम? पैसे देऊन?"

त्याने चाक वळवून आत दाखवलं. स्प्रिंगच्या खाली आटे असलेली नळी आणि त्यावर एक जाड कडी. कडी एकीकडे फिरवली की गाडी खाली, दुसरीकडे फिरवली की वर. तू सुरी तशीच हातात धरून वाकून बघत राहिलीस. त्याची बायको दोन पावलं मागे सरकली.

"वर पन जाते?"

"जाते. पण वर कोण करतं?"

"मी करते," तू म्हणालीस आणि त्याला शेपटीकडचा एक तुकडा जास्तीचा टाकलास.

प्रियाने फोनवरून मागवलं. खोकं आलं ते देणाऱ्या माणसाला पायरीवरून उचलेना. आपण दोघींनी गोणपाटावर घेऊन मोठा मुशी मासा ओढावा तसं अंगणात ओढलं. आत काळ्या नळ्या, लाल स्प्रिंगा आणि आकड्यासारखे वाकडे दोन पाने. बरोबर इंग्रजी कागद. प्रियाने तो वाचून दाखवला, पण ती स्वतःलाच वाचून दाखवत होती. मग तू फोनवर कोणाचा तरी व्हिडिओ लावलास आणि भाजी चिरताना, भांडी घासताना तोच परत परत बघितलास.

मी म्हटलं, "हे आपलं काम नाही."

"नावेचं इंजिन दर्यात बंद पराचं, तवा कोन मेकॅनिक येत होता? ते फिरवायचे, मी पाना द्यायची. मग मी फिरवाया लागले आनि ते पाना द्याया लागले."

"ती नाव होती. ही गाडी आहे."

"नाव बुडते गो बाय. गाडी काय बुडनार?"

मी चहा ठेवायला गेले.

काम काढलंस मार्गशीर्षातल्या गुरुवारी. त्या दिवशी मासे कोण घेत नाही, घरोघर घट मांडलेले असतात. शेजारच्या इमारतींतून आरत्या ऐकू येत होत्या आणि तू मॅक्सीच्या आत माझ्या दिराची जुनी पँट घालून गाडीखाली. चाकाचे नट हाताने सुटेनात तेव्हा लांब पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिलीस आणि माझा खांदा धरून उड्या मारल्यास. नट सुटला तेव्हा आपण दोघी एकदमच बसलो, तू माझ्यावर.

मागच्या इमारतीतली चौथ्या मजल्यावरची गॅलरीत आली. "आंटी, मेकॅनिक को बुलाओ ना. गाडी गिर जाएगी."

तू गाडीखालून म्हणालीस, "मेकॅनिक ही है भाभी. नीचे लेटा है."

"कहाँ? दिखता नहीं."

"पैर देखो."

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ये तो आपके पैर हैं." आणि आत जाऊन आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं.

पुढचा जुना शॉकअप सुटला तेव्हा चाकाचा अख्खा बुंधा बाहेर लटकला आणि ब्रेकची नळी ताणली. व्हिडिओत तो माणूस एका हाताने सगळं धरत होता. तुझे दोन्ही हात अडकलेले. "बाय, धर, धर ते," म्हणालीस. मी धरलं आणि जाळ्याच्या दोरीने वर बांधून टाकलं. तू गाठ बघितलीस आणि काही बोलली नाहीस. तू काही बोलली नाहीस म्हणजे काम बरं झालं, हे मला तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

मागच्या चाकांना स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. जॅक हळूहळू खाली घेतला तशी जुनी स्प्रिंग सुटली, आपटली आणि अंगणाच्या उतारावरून गटाराकडे पळाली. मी मागे पळाले. माझे गुडघे तेव्हा जरा बरे होते. गल्लीतली कुत्री माझ्या मागे पळाली. तू गाडीखाली हसत होतीस. हसताना तुझं डोकं कशाला तरी लागलं, तेही मला ऐकू आलं आणि बरं वाटलं.

संध्याकाळी गाडी चार चाकांवर उतरली. मागून उंच, नाकावर पडल्यासारखी. मी म्हटलं, "ही तर शिंगरू दिसते." तू म्हणालीस, "माल टाकल्यावर बघ." दुसऱ्या दिवशी बर्फ आणि मासळी भरली आणि गाडी अशी सरळ उभी राहिली की पाण्याने भरलेली परात ठेवावी. गतिरोधक आला. तू मुद्दाम माझ्याकडे बघत गाडी नेलीस. पोट घासलं नाही. मी रस्त्याकडे बघत राहिले. तुला वाटलं असेल मी काहीतरी म्हणेन.

नळ्या बसवायच्या आधी तेलाचं झालं होतं. ते तू सगळ्या गावाला सांगितलंस, पण अर्धंच. कागदात लिहिलं होतं, आटे स्वच्छ ठेवा, अमुक फवारा मारा. आपल्याकडे चहूकडे मिठागरं, खारा वारा, वर गाडीत खारं पाणी गळणार. आटे गंजले की कडी फिरणार नाही आणि सगळं मुसळ केरात. मी म्हटलं, "नावेला काय लावतो आपण?" तू थांबलीस. मग माळ्यावरून माशाच्या तेलाचा डबा काढून आणलास आणि जुन्या ब्रशने चारी नळ्यांना चोपडलंस. सुचवलं मी, चोपडलं तू.

ऊन चढलं तसा वास सुटला. पूनम सागरला गाडी लावली तर खाली मांजरी. एक आली, मग तिच्या ओळखीच्या सगळ्या आल्या. वॉचमन म्हणाला, "मौसी, आपकी गाडी के नीचे बिल्ली लोग का मीटिंग है." एक बाई नाक धरून म्हणाली, "माल बासी है क्या?" तू पापलेटचे कल्ले उघडून तिच्यापुढे धरलेस. "बासी पे बिल्ली आती है कभी? ताजा है, इसलिए आई है." तिने घेतलं. पण घरी येताना तू मला जे बोललीस ते इथे लिहीत नाही.

पुढे त्या तेलावर धूळ बसून काजळीसारखा लगदा झाला. तू रॉकेलने तीन नळ्या पुसल्यास. चौथीच्या, डावीकडच्या मागच्या, वरच्या अंगाला तुझा ब्रश पोचला नाही. ती तशीच राहिली आणि अडकली. तू म्हणायचीस, माझ्या तेलाने अडकली. मी आजही सांगते, चारांपैकी एकही आटा गंजलेला नाही. जाऊन बघ म्हणाले असते, पण आता कोणाला म्हणू?

गाडी मालासाठी उंच झाली ती माणसांना वाईट झाली. रिकामी असली की बैलगाडीसारखी उडायची. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस तेव्हा मीरा रोडला पोचेपर्यंत माझी कवळी दोनदा हलली. मी म्हटलं, "मला रिक्षाने ने." तू म्हणालीस, "गाडी मालासाठी हाय, तुझ्यासाठी न्हाय." पुढच्या वेळी मी गाडीत बसले तर मागे मिठाच्या दोन गोणी. विचारलं तर म्हणालीस, "तुझ्यासाठी न्हाय गो. स्प्रिंगसाठी."

त्यानंतर आपण दोघी जिथे गेलो तिथे मिठाच्या गोणी आल्या. डॉक्टरकडे, प्रियाच्या घराच्या वास्तुशांतीला, कोणाकोणाच्या साखरपुड्याला. गोणी बरोबर असल्या की गाडी बरी चालायची. वाकायचं तुझ्या कंबरेला जमत नव्हतं, तरी त्या तूच चढवायचीस, तूच उतरवायचीस. मी कधी म्हटलं नाही की बरं वाटतं. तू कधी विचारलं नाहीस. हायवे ओलांडताना मी डोळे मिटून घ्यायची, तेही तू बघितलेलं असणार, कारण तेवढ्यापुरती तुझी बडबड बंद व्हायची.

मग यंदा नावा वर ओढल्या. जाळी सुकत पडली. तू अंगणात बसून कोळंबी सोलताना म्हणालीस, "बाय, बस झालं. नारली पुनवेपासून आपन जायाचं न्हाय."

"का?"

"दम लागतो."

घरातलं मीठ संपलंय, अशा आवाजात म्हणालीस. मला ती सबब वाटली. प्रिया तुला कधीपासून बंद कर म्हणत होती, तिने बोलायला लावलं असं वाटलं. सबब नव्हती हे आता कळलं. पण सांगणारीने जरा नीट सांगावं की नाही?

"मग काय करायचं घरी बसून?"

"फिरायचं. गाडी हाय. गोनी न टाकता मऊ चालंल अशी करते. कार्ल्याला आईचे देवलात जाऊ."

"गेलो. मग?"

"मग दुसरीकरं."

"मी देवळं फिरत बसणार नाही. तुला दम लागतो, तू बस. मला का बसवतेस?"

"तू एकली कशी जाशील?"

"जाईन."

"कशी?"

मी कोळंबीची सालं गोळा करायला लागले. तू सोललेली कोळंबी उचलून आत गेलीस. आपला वाद असा मध्ये कधी सुटत नसे. कोणीतरी शेवटचं बोलायचं, बहुतेक मीच. त्या वेळी कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तू गाडीला जॅक लावलेला. एक झालं, दोन झाली, तीन झाली. मी दारात सुकट निवडत होते आणि मनात म्हणत होते, कर, कर खाली, मी जाते बघ रिक्षाने. माझी ही भांडायची तयारी चालू असताना तू जेवायला गेलीस.

तुझं मला हेच पटलेलं नाही. भांडण अर्धं टाकून जायची तुझी रीत नव्हती.

रविवारी प्रिया आली. जीन्स घालून, केस बांधून आली होती. म्हणाली, "चाक लावू, गाडी देऊन टाकू. तू फक्त सांग, खाली की वर."

मी पाट घेऊन चाकाशेजारी बसले. किती दिवसांनी त्या गाडीच्या एवढ्या जवळ बसले होते. मी म्हटलं, "वर करायची तर झालेली तिन्ही परत उघडावी लागतील."

"उघडू. तुला धंदा करायचाय का? मी चालवते ना. शनिवार-रविवार मी येते पहाटे."

ती खरंच बोलत होती, बेबी. तुझी मुलगी, जी माशांच्या वासाने डोकं दुखतं म्हणून पूनम सागरला घरातून फोन करायची, वर ये म्हणायची, गाडीजवळ यायची नाही. ती पहाटे बंदरावर यायला तयार होती. मला तिच्याकडे बघवेना. आठवडाभर ऑफिस करते, दोन दिवस मिळतात. ते मी घेऊ?

आणि दुसरं असं की गाडी वर करून उपयोग काय? चालवणारी नाही. मागच्या दारात उभी राहून कल्ले उघडून भांडणारी नाही. गाडी मालाची होती ती तुझ्यामुळे. तू नसताना ती नुसती उंच गाडी.

"खाली कर," मी म्हटलं.

"नक्की?"

"खाली."

ती आडवी झाली. आकड्याचा पाना कडीत अडकवला आणि जोर केला. कडी हलेना. मी म्हटलं, उलटं फिरवतेस. ती म्हणाली, नाही, बरोबर फिरवते आहे. मी म्हटलं, उलटं. तिने उलटं फिरवून बघितलं, तिकडेही हलेना. मग आम्ही दोघींनी व्हिडिओ लावला आणि ती आधी बरोबर होती. मी हातोडी पुढे केली. तिने पान्यावर हातोडी मारली. एकदा, परत एकदा. कट्ट आवाज झाला आणि ती घाबरून बाहेर आली. "तुटलं का गं?"

"सुटलं."

तिचे हात काळे झाले होते. तिने हुंगले. "शी, हा कसला वास?"

"माझ्या तेलाचा."

ती हसली आणि हसताहसता रडली. मी रडू दिलं. पुसायला फडकं दिलं तेही तेलकटच निघालं, दुसरं हाताशी नव्हतं. थोड्या वेळाने परत गाडीखाली गेली. म्हणाली, "मोठी आई, इथे नेलपॉलिशची रेघ आहे. माझी नेलपॉलिश आहे ही." तू चारी नळ्यांवर आधीच खुणा करून ठेवल्या होत्यास, कुठवर खाली आणायचं ते. आम्हाला मोजायला लागलं नाही. कडी रेघेवर आली, खालची कडी आवळली, चाक चढवलं, जॅक उतरवला. नट आवळताना प्रिया पान्यावर उभी राहिली. खांदा माझाच धरला.

गाडी सरळ उभी राहिली. तू गेल्यापासून वाकडी गाडी बघायची सवय झाली होती. सरळ झाल्यावर अंगण मोठं वाटायला लागलं.

प्रियाने चावी आणली. "चल, बघू तरी कशी चालते." मी पुढे बसले. मागे काही नव्हतं, माल नाही, मीठ नाही. खारीतून निघालो, गतिरोधक आला. मी दाराची कडी धरली. गाडी वर गेली आणि उतरली, एवढंच. कवळी जागच्या जागी. प्रियाने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "बरं चालते." तू असतीस तर हेही म्हटलं नसतं, पण ते खरं आहे. माणसं बसवून चालवायची गाडी म्हणून तू ती बरोबर केली होतीस. एवढं तुझं मान्य.

परत आल्यावर प्रिया स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "त्या काशीगाववाल्याला नाही सांगते."

"सांग."

"मी ठेवते. दिवाळीनंतर आपण दोघी कार्ल्याला जाऊ."

"एकदा जाऊ."

"आणि मासे? ते बंद ना आता?"

"गाडीचं ठरलं," मी म्हटलं. "माझं नाही ठरलं."

तिने माझ्याकडे बघितलं. तू बघायचीस तशी. मग म्हणाली, "जाशील कशी?" तुझाच प्रश्न. या वेळी उत्तर होतं. गावातल्या चौघी मिळून टेम्पो करतात, मी पाचवी. पूनम सागरच्या त्याच नाक्यावर, पण फुटपाथवर पाटी मांडून. पापलेट-सुरमई नाही, तेवढं उचलवत नाही. बोंबील, कोळंबी, मांदेली. जेवढं डोक्यावरून नेता येईल तेवढंच.

नारळी पुनवेला नारळ सोडला. तुझ्या वाटचा पण मीच सोडला, प्रियाला पाण्यात पाय घालायची भीती वाटते. नावा गेल्या. माल आला. आज पहिला दिवस होता. गुडघ्यामुळे त्या चौघींनी मला पुढे बसवलं, ड्रायव्हरच्या शेजारी. गिऱ्हाइकं आली. तुझं विचारलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगितलं. वॉचमनने फक्त डोकं हलवलं आणि माझी पाटी सावलीत सरकवून दिली. माल बारा वाजायच्या आत संपला, म्हणजे मला अजून विकता येतं.

एवढंच सांगायचं होतं. धंदा बंद झालेला नाही. गाडी तू म्हणालीस तशी आहे. भांडणात शेवटचं कोण बोललं ते तूच ठरव.

हायवेवर मी डोळे उघडे ठेवले, कारण तो ड्रायव्हर फोनवर बोलतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला लागतं. गतिरोधकावर तो वेग कमी करत नाही. सांगितलं, ऐकत नाही. टेम्पो फार आपटतो, बेबी.